वाचलेलं इंग्रजी कळतं, मग ऐकलेलं का निसटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिक्षण मराठी माध्यमातलं, नोकरी मालाडच्या एका ऑफिसात, आणि रोज संध्याकाळी अमेरिकेतल्या आणि लंडनमधल्या टीमशी कॉल. ईमेल, रिपोर्ट, बातम्या, वाचलेलं सगळं कळतं. कॉलवर मात्र वाक्यंच्या वाक्यं हातून निसटतात. नंतर त्याच कॉलचा लेखी मजकूर समोर आला की त्यात एकही शब्द अनोळखी नसतो. 'ते फार भरभर बोलतात, की माझा कानच कच्चा आहे?' असं तुम्ही विचारलंय.

भरभर बोलणं हे कारण अर्धंच खरं आहे, आणि कान कच्चा असल्याचं तर मी मुळीच मानत नाही. मी दादरला बरीच वर्षं इंग्रजी ऐकायला आणि बोलायला शिकवते. मराठी माध्यमातून आलेल्या बहुतेकांची अडचण नेमकी हीच असते. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. त्याआधीच्या आपल्या पिढ्या पाचवीत इंग्रजीला लागल्या, आणि तेही फळ्यावरून, पुस्तकातून. शब्द आधी डोळ्यांना दिसला, मग त्याचं स्पेलिंग पाठ झालं आणि उच्चार त्या स्पेलिंगवरून बसवला. त्यामुळे प्रत्येक इंग्रजी शब्दाचं एकच, पूर्ण, ठसठशीत रूप मनात पक्कं झालं. कॉलवर तुम्ही ते रूप शोधत बसता, आणि समोरच्याच्या तोंडून ते बाहेरच पडत नाही. तुम्हाला ऐकू सगळं येतं. वाट मात्र भलत्याच आवाजांची पाहिली जाते. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

एक वाक्य घेऊ. 'आय वुड हॅव टोल्ड हिम इफ ही हॅड आस्क्ड मी.' त्याने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. कागदावर दहा शब्द, दहाही शाळेतले. आता एखादा अमेरिकन माणूस हेच सहज बोलताना कसं म्हणतो पाहा: 'आयडव्ह टोल्डिम इफीड आस्मी.' 'वुड'चा उरला फक्त 'ड'. 'हॅव'मधला 'ह' गेला, 'ॲ'चा 'अ' झाला, आणि उरलेला 'अव्ह' त्या 'ड'ला चिकटला. 'हिम'चाही 'ह' गेला, आणि राहिलेलं 'इम' मागच्या 'टोल्ड'ने ओढून घेतलं. 'इफ ही हॅड' या तीन शब्दांचं 'इफीड' झालं. 'आस्क्ड मी'मध्ये 'स', 'क', 'ट', 'म' अशी चार व्यंजनं एकापुढे एक येतात. तेवढी कसरत कोणीच करत नाही. 'क' हमखास जातो, पुष्कळदा 'ट'ही जातो. शब्दकोशातलं रूप ज्याने शाबूत ठेवलं असा शब्द या वाक्यात शोधून सापडणं कठीण.

आणि हे फक्त आपल्यालाच जड जातं असंही नाही. 1960च्या दशकात आयर्विन पोलॅक आणि जे. एम. पिकेट या अमेरिकन संशोधकांनी ओघातल्या बोलण्याच्या ध्वनिफितीतून सुटे शब्द कापून काढले आणि इंग्रजीच मातृभाषा असलेल्यांना ऐकवले. त्यांना त्यातले जवळपास निम्मेच शब्द ओळखता आले. मागचंपुढचं बोलणं जोडून ऐकवलं की तेच शब्द स्वच्छ कळायला लागले. म्हणजे इंग्रज किंवा अमेरिकन माणूसही तुटका शब्द ऐकून अर्थ लावत नाही. तो अख्खा ओघ ऐकतो आणि गळलेलं मनात भरून घेतो. तुम्ही मराठीत दिवसभर तेच करता.

डोंबिवली हे नाव लिहिताना आपण 'वली' लिहितो. बोलताना कोण 'वली' म्हणतं? डोंबिव्ली, कांदिव्ली, बोरिव्ली. गणपतीचा आपण गण्पती करतो. रिक्षावाला 'कुठे जायचं आहे' असं विचारत नाही, 'कुठं जायचंय' विचारतो. 'तू काय करत आहेस' हे वाक्य शेवटचं कधी कोणाच्या तोंडून ऐकलंत? 'काय करतोयस' हेच कानावर येतं. लिहितो 'एकदा', म्हणतो 'एग्दा'. लिहितो 'लागतं', म्हणतो 'लाक्तं'. खोटं वाटत असेल तर स्वतःचं घरचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ऐका. पुस्तकातून मराठी शिकलेला तुमचा एखादा शेजारी 'जायचंय' ऐकून 'आहे' शोधत बसेल, आणि तुम्हाला त्याची अडचण पटकन लक्षातही येणार नाही. कॉलवर तुम्ही त्या शेजाऱ्याच्या जागी असता.

मात्र इंग्रजीत ही काटछाट आपल्यापेक्षा फार पुढे जाते, आणि त्याचं कारण त्या भाषेच्या ठेक्यात आहे. मराठीत साधारणपणे प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा मिळतो. इंग्रजीत वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दांवर आघात पडतो, आणि बोलण्याचा ताल त्या आघातांवर चालतो. केनेथ पाइक या भाषाशास्त्रज्ञाने 1945 साली या दोन प्रकारच्या तालांना वेगवेगळी नावं दिली. पुढे यंत्रांनी मोजल्यावर आघातांमधली अंतरं काटेकोर सारखी नसतात असं दिसलं, पण कान तयार करण्यासाठी हे तत्त्व आजही उत्तम कामाला येतं. ही तीन वाक्यं टेबलावर बोटाने ठोके देत मोठ्याने म्हणून पाहा: 'ट्रेन्स रन लेट.' 'द ट्रेन्स आर रनिंग लेट.' 'द ट्रेन्स कुड हॅव बीन रनिंग लेट.' तिन्हींत ठोके तीनच: ट्रेन्स, रन, लेट. तिसऱ्या वाक्यात मधे 'कुड हॅव बीन' येऊन बसलं, तरी इंग्रजी बोलणारा ठोके फारसे लांबवत नाही. आपल्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा 'जरा सरका' म्हणत टेकतो, तसे हे छोटे शब्द उरलेल्या जागेत अंग चोरून बसतात. म्हणून 'कुड हॅव बीन'चं 'कुडबिन' होतं.

अंग चोरणारे हे शब्द कुठले, ते ठरलेलं आहे: टू, फॉर, ऑफ, ॲट, फ्रॉम, अँड, कॅन, वॉज, आर, हॅव, हॅड, देम, हिम, हर असे पन्नासेक व्याकरणाचे शब्द. त्यांची दोन रूपं असतात. एक भक्कम रूप, ते आपण शाळेत शिकलो. दुसरं दुबळं रूप, ते शाळेत कोणी सांगितलं नाही, आणि बोलण्यात बहुतेक वेळा तेच येतं. दुबळ्या रूपात बहुतेकदा स्वर कुठलाही असो, त्याचा 'अ' होतो. 'फॉर'चा 'फर', 'टू'चा 'ट', 'ऑफ'चा 'अव्ह' आणि घाईत नुसता 'अ', 'फ्रॉम'चा 'फ्रम', 'वॉज'चा 'वज', 'अँड'चा 'अन' किंवा नुसता 'न'. इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर हाच. आणि आपल्या वर्णमालेचं पहिलंच अक्षर म्हणजे जवळजवळ तोच स्वर. तुम्हाला नवा आवाज शिकायचा नाही. 'कमळ'मधला 'अ' जिथे अपेक्षित नव्हता तिथे येणार आहे, एवढं मनाला सांगायचं आहे.

वाक्याच्या शेवटी मात्र भक्कम रूप परत येतं. 'व्हेअर आर यू फ्रॉम?' मध्ये 'फ्रॉम' पूर्ण ऐकू येईल. उत्तरात 'आयम फ्रम मुंबई' येईल.

दुबळी झाल्यावर वेगवेगळ्या शब्दांची रूपं एकसारखी होतात, आणि तिथे कान एकटा पुरा पडत नाही. 'हॅड' आणि 'वुड' दोघांचा 'ड' होतो. 'इज' आणि 'हॅज' दोघांचा 'ज'. मग 'आयड गॉन' ऐकलं तर तो 'हॅड', आणि 'आयड गो' ऐकलं तर 'वुड'. 'हीज गोइंग'मध्ये 'इज', 'हीज गॉन'मध्ये बहुतेकदा 'हॅज'. पुढचं क्रियापद निकाल लावतं. 'हॅव' आणि 'ऑफ' दोन्ही 'अव्ह' होतात, म्हणून इंग्रजीच मातृभाषा असलेली माणसंसुद्धा 'शुड हॅव' लिहायच्या जागी 'शुड ऑफ' लिहून जातात. त्यांनी शब्द कानाने शिकले, आपण डोळ्याने. म्हणून ती चूक आपल्याकडे सहसा होत नाही. तुमचं व्याकरण पक्कं असेल तर ऐकताना ते फार मोठं बळ आहे. इथे ते वापरा.

आता नोकरीत सगळ्यात महाग पडणाऱ्या जोडीबद्दल जरा थांबून सांगते: 'कॅन' आणि 'कॅन्ट'. माझ्या एका विद्यार्थिनीला कॉलवर क्लायंटने सांगितलं की शुक्रवारी माल घेता येणार नाही. तिने ऐकलं, घेता येईल. ट्रक गेला आणि परत आला. तिने काय ऐकलं असेल ते सहज समजतं. अमेरिकन उच्चारात 'कॅन्ट'मधला शेवटचा 'ट' बहुतेकदा फुटतच नाही. जीभ वर टेकते आणि आवाज तिथेच मिटतो. आपण 'ट' ऐकू येण्याची वाट पाहतो, तो येत नाही, आपण 'कॅन' धरून चालतो. खरी खूण 'ट'मध्ये नसून स्वरात असते. होकारात 'कॅन' दुबळा होतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो: 'वी कन टेक इट', त्यात 'टेक' ठळक. नकारात 'कॅन्ट' आपला 'ॲ' पूर्ण ठेवतो आणि स्वतःवर जोर घेतो: 'वी कॅन्(ट) टेक इट'. म्हणजे अमेरिकन माणसाच्या तोंडून पूर्ण, ठसठशीत 'कॅन' ऐकू आला की पुष्कळदा तो नकार असतो. आपल्या सवयीच्या अगदी उलट. लंडनची माणसं इथे सोपी. त्यांचा नकार 'कान्ट' असा लांब 'आ' घेऊन येतो. हे वाचून झाल्यावर अमेरिकन मुलाखतींमधले फक्त 'कॅन' आणि 'कॅन्ट' टिपत अर्धा तास बसा. या एका जोडीवर तेवढा वेळ घालवणं योग्यच आहे.

अमेरिकन 'ट'चा दुसरा खेळ दोन स्वरांच्या मधे चालतो. तिथे तो 'ट' राहतच नाही. जीभ वरच्या हिरडीला एकदा हलकेच शिवते आणि सुटते. हा आवाज आपल्याकडे आहे: 'वारा' म्हणताना 'र'साठी जीभ जे करते, जवळजवळ तेच. म्हणून 'वॉटर' आपल्याला 'वॉरर' किंवा 'वॉडर'सारखं ऐकू येतं, 'गॉट इट'चं 'गॉरिट', 'पुट इट ऑन'चं 'पुरिरॉन'. 'रायटर' आणि 'रायडर' पुष्कळ अमेरिकनांच्या तोंडी जवळजवळ सारखेच असतात. 'न'नंतर लगेच आलेला 'ट' तर पुष्कळदा पूर्ण जातो: 'ट्वेनी', 'इनरनेट', 'इनरव्ह्यू'. आकड्यांच्या कामात याचा थेट फायदा होतो. 'फॉर्टी' म्हणताना आघात पहिल्या अक्षरावर असतो आणि 'ट' मऊ पडतो, 'फॉरी'सारखा. 'फोर्टीन'मध्ये आघात 'टीन'वर आला की 'ट' कडक राहतो. चाळीस की चौदा हे ओळखायला शेवटच्या 'न'पेक्षा मधल्या 'ट'वर कान ठेवा. लंडनच्या रोजच्या बोलण्यात हाच 'ट' वेगळ्या तऱ्हेने जातो, तो गळ्यात अडतो. आपण मान हलवून 'अं-अं' असा नकार देतो तेव्हा दोन 'अं'च्या मधे गळा क्षणभर मिटतो. 'बटर', 'बॉटल' यांच्या मधोमध तसाच गळा मिटतो.

शब्दाला शब्द लागला की त्यांच्या सीमेवर जे होतं, ते शिकवताना मला सगळ्यात जास्त आनंद होतो, कारण त्याची पूर्ण तयारी आपण दहावीच्या व्याकरणात करून आलेलो असतो. व्यंजनसंधी आठवा. सत् अधिक जन, सज्जन. तत् अधिक लीन, तल्लीन. पुढच्या व्यंजनाने मागच्या 'त्'ला आपल्यासारखं करून घेतलं. 'दॅट कप' भरभर म्हणा, 'दॅक कप' होतो. 'दॅट पर्सन', 'दॅप पर्सन'. 'गुड गर्ल', 'गुग गर्ल'. नियम तोच, फक्त संस्कृतने बदललेला उच्चार लिहून ठेवला आणि इंग्रजीने स्पेलिंग जसंच्या तसं ठेवलं. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ या प्रकाराला आजही 'संधी'च म्हणतात, संस्कृत व्याकरणातून घेतलेल्या नावाने.

अनुस्वाराचंही तसंच. 'आंबा' म्हणताना टिंबाचा 'म्' होतो, 'संत' म्हणताना 'न्', 'अंक' म्हणताना 'ङ्'. टिंब एक, उच्चार पुढच्या अक्षरावरून. इंग्रजीतला शब्दाच्या शेवटचा 'न' असाच वागतो: 'इन पुणे'चं 'इम पुणे', 'वन मिनिट'चं 'वम मिनिट', 'इन कांदिवली'चं 'इङ कांदिवली'. 'हँडबॅग'मधला 'ड' गळतो, 'न' पुढच्या 'ब'ला भेटतो आणि होतं 'हॅम्बॅग'.

आणि 'य'. 'डिड यू'चं 'डिजू', 'वुड यू'चं 'वुजू', 'डोंट यू'चं 'डोंचू', 'मिस यू'चं 'मिशू'. इथला 'च' 'चार'मधला, 'चाक'मधला नव्हे. इंग्रजीत 'चाक'वाला 'च' या जागी येत नाही. विद्यार्थ्यांना हे ऐकून वाटतं की इंग्रजी बोलणाऱ्यांनी भाषेची मोडतोड केली. मी त्यांना आपलीच भाषा दाखवते. संस्कृत 'अद्य', प्राकृतात 'अज्ज', मराठीत 'आज'. 'विद्युत्'ची 'वीज'. 'नृत्य'चा 'नाच'. 'द्' आणि 'य' जवळ आले की 'ज', 'त्' आणि 'य' जवळ आले की 'च'. आपल्या पूर्वजांच्या जिभेने पिढ्यान्‌पिढ्या जे केलं, तेच तुमचा क्लायंट 'डिजू' म्हणताना एका क्षणात करतो. हे एकदा दिसलं की 'डिजू' परका वाटत नाही.

सीमेवरची आणखी एक गंमत क्रिकेटवाल्यांसाठी. शब्दाच्या शेवटचं व्यंजन पुढच्या स्वराला जाऊन चिकटतं, 'टर्न इट ऑफ'चं 'टर्नि टॉफ' होतं, आणि शब्द कुठे तुटतो हे कानाला कळत नाही. आपण शिवाजी पार्कवर ज्याला अंपायर म्हणतो तो जुन्या इंग्रजीत 'न'ने सुरू होणारा शब्द होता, 'नंपायर'च्या जवळचा. 'अ नंपायर' ऐकता ऐकता लोकांनी तो 'ॲन अंपायर' असा तोडला, आणि 'न' कायमचा मागच्या शब्दाकडे गेला. 'ॲप्रन'चाही 'न' असाच हरवला. शब्दांच्या सीमा ऐकण्यात इंग्रज स्वतःही फसले आहेत.

'गॉना', 'वॉना', 'गॉटा', 'लेमी', 'गिमी' हे तुम्ही सिनेमांतून ऐकलेले असणार, त्यावर फार वेळ घालवत नाही. दोन गोष्टी माहीत असू द्या. 'गोइंग टू'चं 'गॉना' होतं ते पुढे क्रियापद असतं तेव्हाच; 'आयम गॉना कॉल' ठीक, पण पुण्याला जायचं असेल तर 'गोइंग टू पुणे'च राहतं. आणि 'हॅव टू'चा 'हॅफ्टू' होतो, 'यूज्ड टू'चा 'यूस्टु', 'सपोज्ड टू'चा 'स्पोस्टु'. हे तीन ऑफिसच्या बोलण्यात 'गॉना'इतकेच येतात आणि त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

भूतकाळाचा 'ड' किंवा 'ट'सुद्धा असाच निसटतो. 'नेक्स्ट वीक'चं 'नेक्स वीक' झालं तर काही बिघडत नाही. पण 'वी फिनिश्ड द टेस्टिंग' ऐकताना 'फिनिश द' असं ऐकू आलं तर काम झालंय की करतात, हा प्रश्न उरतो. तिथे आवाजाच्या मागे लागू नका. 'यस्टर्डे', 'ऑलरेडी', 'यूज्वली' असे शब्द कुठे आले ते पाहा.

फोनवर हे सगळं आणखी अवघड होतं, त्यालाही कारण आहे. साध्या फोनच्या लाइनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो. 'स' आणि 'फ' ओळखायला लागणारा बराचसा आवाज त्याच्या वर असतो, तो कापला जातो. इंटरनेटवरच्या कॉलचा पट्टा सहसा रुंद असतो. तेव्हा जिथे निवड करता येते तिथे फोनऐवजी कॉम्प्युटरवरून आणि चांगल्या हेडफोनवर कॉल घ्या.

आता सराव. सगळे 'रोज सिनेमे बघा' सांगतात. मला तो सल्ला पटत नाही. दोन तासांच्या सिनेमात तुम्ही गोष्टीच्या मागे धावता, आवाजाकडे बघायला सवड मिळत नाही. खाली इंग्रजी अक्षरं चालू ठेवली तर डोळे वाचतात आणि आपण ऐकलं असं वाटतं. त्याऐवजी श्रुतलेखन करा, शाळेत करायचो तसं. कुठल्याही मुलाखतीचा दहा-बारा सेकंदांचा तुकडा घ्या, ज्याचा लेखी मजकूर मिळतो असा. मजकूर न बघता ऐका आणि जे ऐकू येतं ते देवनागरीत लिहा. देवनागरीतच लिहा, यावर माझा कायम आग्रह असतो. रोमन लिपीत लिहायला गेलात की हात आपोआप स्पेलिंग लिहितो आणि कानाने काय ऐकलं ते पुसलं जातं. देवनागरीत 'व्हरयगॉनडू' असं काहीतरी अर्थहीन उतरेल. उतरू दे. मग लेखी मजकूर उघडा, तिथे दिसेल 'व्हॉट आर यू गोइंग टू डू', आणि दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून पाहा की कुठला आवाज गेला, कुठला बदलला, कुठला शेजाऱ्याला चिकटला. शेवटी मजकूर मिटून तोच तुकडा परत ऐका. आधी नुसती गडबड वाटलेलं आता शब्दाशब्दाने ऐकू येतं. तो बदल कानात मुरण्यासाठी तुकडा लहान आणि सराव रोजचा हवा. मालाडहून घरी जाताना गाडीत बसायला मिळालं तर तेवढ्या वेळात एक तुकडा सहज होतो.

व्हिडिओचा वेग कमी करून ऐकणं पहिल्या एक-दोन वेळा चालेल, पण त्यातून गळलेला आवाज परत येत नाही. संथ केलेला 'आस्मी' संथ 'आस्मी'च राहतो. नेहमीच्या वेगाकडे लवकर या. आणि ज्यांचे कॉल घ्यावे लागतात त्यांच्याच प्रांतातले आवाज निवडा. तुमची टीम अमेरिकेत असेल तर लंडनच्या बातम्या ऐकून 'र'सारखा 'ट' कानावर पडायचा नाही.

तुकडा नीट कळला की तो बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, त्याच चालीत म्हणायचा. ठोके पकडा, मधले शब्द हलके सोडा. जिभेने एकदा 'कुडबिन' केलं की कानाला ते ओळखायला वेळ लागत नाही.

याचा अर्थ कॉलवर तुम्हीही 'गॉना', 'डिजू' म्हणायला लागा, असा मुळीच नाही. माझं मत स्पष्ट आहे: ऐकायला सगळं शिका, बोलायला निवडक घ्या. योग्य अक्षरावर आघात आणि 'टू', 'फॉर', 'ऑफ' यांची दुबळी रूपं, एवढं बोलण्यात आणलं की तुमचं इंग्रजी समोरच्याला कितीतरी सोपं जातं. 'कम्फर्टेबल'मध्ये 'टेबल' ऐकू यायला नको, 'कम्फ्टबल' म्हणा; 'व्हेजिटेबल'चं 'व्हेज्टबल'. बाकीचे आवाज स्वच्छ, सावकाश, आपल्या पद्धतीने राहू द्या. आपला 'र' पूर्ण असतो आणि आपण शब्दाचे शेवट खाऊन टाकत नाही. देशोदेशीच्या लोकांच्या कॉलवर ते सगळ्यांच्याच सोयीचं असतं. ईमेलमध्ये तर 'वॉना', 'गॉना' कधीच लिहू नका.

आणि हा सराव चालू असतानाही उद्या संध्याकाळी कॉल आहेच. तिथे निसटलेल्या वाक्याला 'सॉरी?' किंवा 'कम अगेन?' म्हटलंत तर तो माणूस तेच वाक्य त्याच वेगाने, फक्त मोठ्या आवाजात म्हणेल आणि तुमच्या हाती तेवढंच लागेल. त्यापेक्षा जे कळलं ते स्वतःच्या शब्दांत त्याच्यापुढे ठेवा: 'सो फ्रायडे इज नॉट पॉसिबल, करेक्ट?' 'यू मीन फोर्टीन, वन फोर?' मग त्याला हो किंवा नाही एवढंच म्हणावं लागतं, आणि 'येस', 'नो' हे शब्द सहसा पूर्ण, जोर देऊनच उच्चारले जातात. तारीख, रक्कम आणि नकार या तीन गोष्टी अशा विचारून पक्क्या केल्याशिवाय कॉल ठेवू नका.